सोनावळ्यांच्या महिन्याच्या आवडी

सोनावळ्यांच्या हातून आयुष्यात एकच गुन्हा घडला. त्यांना एक झाड आवडलं, आणि ते आवडल्याचं त्यांनी छापून आणलं.

तसे ते गुन्हा करणाऱ्यांतले नव्हते. कोंडीराम सोनावळे कर्जतच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा आणि गेलेल्या कागदाला नंबर द्यायचा, एवढंच त्यांचं काम. मधल्या काळात कागदाचं काय होतं याच्याशी त्यांचा संबंध नव्हता आणि चौदा वर्षांत त्यांनी तो येऊही दिला नव्हता. कचेरी सुटली की ते घरी येत, सदरा काढून खुंटीला लावत आणि मागच्या दारी जात. तिथं न्हाणीपासून कुंपणापर्यंत बारा हात लांब आणि सात हात रुंद अशी त्यांची बाग होती. बागेत तीन गुलाब, अबोलीचा एक वाफा, न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू आणि मधोमध कवठी चाफा.

हा चाफा म्हणजे सोनावळ्यांचा प्राण. सात वर्षं त्यानं नुसती पानं दिली होती. आठव्या वर्षी पहिलं फूल आलं, तेव्हा सोनावळ्यांनी किरकोळ रजा टाकली होती. कारणाच्या रकान्यात 'घरगुती आनंद' असं लिहिलं, ते हेडक्लार्कनी खोडून 'घरगुती अडचण' केलं, कारण आनंदासाठी रजा देण्याची तरतूद नव्हती.

तर एकोणीसशे एकोणसत्तर साली एप्रिल महिन्यात रामभाऊ मास्तर त्यांच्या घरी आले. शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी 'उल्हासतीर' नावाचं मासिक काढलं होतं. दोनशे प्रती निघायच्या. ज्या छापखान्यात ते छापायचे तिथं मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा, त्यामुळे लग्नसराईत मासिक उशिरा निघे आणि उरलेल्या गुलाबी कागदावर निघे. मास्तर बागेत आले, चाफ्याचं फूल त्यांनी नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले,

"सोनावळे, तुम्ही दर महिन्याला एक पान लिहा. त्या महिन्यात आवडलेलं एक झाड, एक सांस्कृतिक गोष्ट आणि एक प्रवास. तुमच्या अगदी वैयक्तिक आवडी."

"पण मास्तर, माझ्या आवडींत कुणाला काय रस असणार?"

"कुणालाच नाही. पण शेवटचं पान रिकामं जातं."

इतक्या प्रांजळपणे विचारल्यावर सोनावळ्यांना नाही म्हणवेना. शिवाय चौदा वर्षं दुसऱ्यांच्या कागदांना नंबर देणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव छापलेलं बघायची इच्छा झाली, तर त्यात वावगं काय?

मेच्या अंकात पहिलं पान आलं. झाड : कवठी चाफा. संस्कृती : भीमजयंतीच्या कार्यक्रमात खालापूरच्या गायन पार्टीचा ढोलकीवाला. प्रवास : संध्याकाळी उल्हास नदीच्या पुलावरून चालत जाणे आणि परत येणे. सोनावळ्यांनी ते सात वेळा वाचलं. मालनबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदाच वाचलं. चौथीपर्यंत शिकलेल्या मालनबाई अक्षराला अक्षर लावून वाचत, पण वाचलेलं विसरत नसत.

"खालापूरचा ढोलकीवाला?" त्या म्हणाल्या. "आनि माझा भाऊस काय टिपऱ्या वाजवतो?"

मालनबाईंचा भाऊ विठू कळंबच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा. जयंतीला दोन्ही पार्ट्यांचा सामना झाला होता, पहाटेपर्यंत चालला होता आणि शेवटी पंचांनी दोघांना बरोबरीत सोडवून कसाबसा जीव वाचवला होता. तो सामना आता सोनावळ्यांनी एका ओळीत निकालात काढला होता.

आठवड्याच्या आत कळंबहून येणाऱ्या एसटीच्या टपावरून एक कुंडी उतरली. कंडक्टर म्हणाला, "विठूनं दिलीय. सांगितलंय, खालापूरच्या ढोलकीवाल्याला द्या." दोन वर्षांपूर्वी सोनावळ्यांनी स्वतः डोळा भरून केलेलं आणि विठूला दिलेलं गुलाबाचं कलम होतं ते. उन्हातून, टपावरून, बिनपाण्याचं आलेलं. मालनबाईंनी कुंडी न्हाणीजवळ ठेवली आणि दोन दिवस त्या नवऱ्याशी फक्त जेवणापुरतं बोलल्या. गुलाब तिसऱ्या दिवशी गेला.

हे झालं संस्कृतीचं. झाडाचं त्याहून वाईट झालं.

'उल्हासतीर'मधल्या आवडींत कुणालाच रस नाही असं मास्तर म्हणाले होते ते खोटं होतं. लग्नाच्या घरांत पत्रिकांच्या गठ्ठ्याबरोबर अंकही जात. पहिल्या रविवारी दोन बाया आल्या, चाफ्याची काडी मागायला. सोनावळ्यांना धन्य वाटलं. त्यांनी चहा दिला आणि समजावून सांगितलं, की हा चाफा काडीवर येत नाही. फांदीची साल सोलून, शेवाळ बांधून गुटी करावी लागते, दोन-तीन महिने थांबावं लागतं, तेव्हा कुठं मुळं फुटतात. बायांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना एकीनं दुसरीला म्हटलं ते सोनावळ्यांच्या कानावर पडलं : "द्यायची नसली का मानूस किती बोलतो, बघितलंस?"

हे त्यांना फार लागलं. बागवानाला कंजूष म्हणणं म्हणजे कारकुनाला लाचखाऊ म्हणण्यासारखंच आहे. पुढच्या रविवारी जे आले त्यांना त्यांनी निमूटपणे काड्या दिल्या. काड्या अर्थातच वाळल्या. वाळल्या म्हणून ते लोक दुसरी न्यायला आले, आणि येताना शेजाऱ्यांना घेऊन आले. सोनावळे कचेरीत असताना आलेले लोक कुंपणावरून हात घालून फांद्या मोडून नेऊ लागले. शेजारच्या येसूबाईंनी हे सगळं बघितलं आणि सल्ला दिला, "मोडू देत वं. शेंडा मोडला का दुप्पट फुटतं." येसूबाईंच्या दारात शेवग्याखेरीज झाड नव्हतं. शेवग्याचा अनुभव त्यांनी सगळ्या वनस्पतींना लावला होता.

इकडे मास्तर वेगळंच दुःख घेऊन आले. "पुलावरून जाणं-येणं हा प्रवास नाही सोनावळे, हा फेरफटका झाला. वाचकांना प्रवास पाहिजे. जरा लांबचं काही लिहा."

सोनावळे लांब कुठं गेलेच नव्हते. एकदा खात्याच्या परीक्षेला अलिबागेला गेले होते, पण ती आठवण आवडींत मोडत नव्हती. मग त्यांनी दारात उभं राहून समोर बघितलं. समोर माथेरान होतं. कर्जतच्या माणसाला माथेरान रोजच दिसतं, आणि रोज दिसतं म्हणून जायचं राहून जातं.

त्याच सुमाराला गोमा सुट्टीवर खाली आला होता. गोमा त्यांच्या आळीतलाच, माथेरानच्या एका हॉटेलात कामाला. सोनावळ्यांनी त्याला बसवून चहा पाजला आणि वही उघडली.

"गोमा, तिथला सूर्योदय कसा असतो रं?"

"झकास आसतो म्हंतात."

"म्हंतात म्हंजे? तू बघितला नायस?"

"मी कुठनं बघनार, दादा? त्या टायमाला मी अंडी उकडीत असतो. चाळीस मानसांचा नाश्टा."

"बरं, मग लोक बघायला जातात कुठं?"

गोमानं एका टोकाचं नाव सांगितलं. "सगळी जत्रा तिकडंच जाते बगा, कॅमेरे घेऊन."

त्या टोकाचं नाव इथं देत नाही, कारण त्या टोकाचा काही दोष नाही. दोष गोमाचाही नव्हता. लोक तिकडं कुठल्या वेळी जातात हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

जूनच्या अंकात सोनावळ्यांनी लिहिलं : 'गेल्या महिन्यात एका सोमवारी पहाटे मी त्या कड्याच्या टोकावर उभा होतो. रविवारची गर्दी ओसरली होती. गार वारा होता. पायांखाली दरी होती. आणि अचानक, उकडलेलं अंडं मधोमध कापावं, तसा पिवळाधमक सूर्य समोरून वर आला. मी तिथंच दगडावर बसून राहिलो. आयुष्यात आणखी काही बघायचं राहिलं आहे असं मला वाटेना.'

खरं सांगायचं तर उतारा चांगला होता. मास्तरांनी वाचून चष्मा पुसला. लग्नसराई संपत आल्यामुळे अंक चक्क मेअखेरीसच निघाला, पांढऱ्या कागदावर.

त्या संध्याकाळी सोनावळे घरी आले तेव्हा मालनबाई चुलीपुढं बसल्या होत्या. अंक मांडीवर होता.

"तुमी माथेरानला गेलात," त्या म्हणाल्या.

"नाय गं. कुठं गेलो?"

"इथं छापलंय."

"ते असंच लिवलंय. गोमाला विचारून. मी सोमवारी कचेरीतच होतो, तूच डबा दिलास ना."

"मग हा गार वारा नि दरी? हे कुठनं आलं?"

"डोक्यातनं."

मालनबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "डोक्यातल्या डोक्यात गेलात, तरी एकटेच गेलात?"

सोनावळ्यांनी घाईघाईनं अंक उघडून उतारा पुन्हा वाचला. त्यात गार वारा होता, दरी होती, दगडही होता. त्या दगडावर आणखी एक माणूस बसवायला एक ओळसुद्धा लागली नसती. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, पण मालनबाई भांडल्या नाहीत. त्यांनी भाकरी वाढली, अंक नीट घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि तो विषय पुन्हा काढला नाही. या न काढण्यानं सोनावळ्यांची झोप उडाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंभिवलीचा कान्हा आला. हमरस्त्यावर त्याचं चहाचं दुकान होतं. ते दोन दिवस बंद ठेवून बायको, आई आणि दोन मेहुण्यांसह तो सोनावळ्यांच्या लेखावर विसंबून माथेरानला गेला होता.

"सोनावळेसायेब, पहाटे चारला उठून आमी त्या टोकावर जाऊन बसलो. आईचे गुडघे दुखतात, तरी नेली. दीड तास समोर बघत बसलो. समोर अंधार. मग उजाडलं, तरी सूर्य नाय. मग ऊन लागायला लागलं, कुठं, तर पाठीला! सूर्य कधीच मागनं वर आलेला. तिथला घोडेवाला म्हनला, हा मावळायचा पॉइंट हाय, उगवायचा पलीकडं."

सोनावळे लाल झाले, मग पांढरे झाले. "मी... ऋतुमानानुसार सूर्य थोडा सरकतो," ते कसेबसे म्हणाले.

"इतका?" कान्हानं विचारलं. राग नव्हता त्याच्या आवाजात. खरोखरच माहिती हवी होती, आणि तेच जास्त वाईट होतं. जाता जाता त्यानं चाफ्याची एक काडी नेली. ती नाकारायचा नैतिक अधिकार सोनावळ्यांना उरला नव्हता.

यापुढे तरी कुणाचं मन दुखवायचं नाही असं ठरवून जुलैच्या अंकात त्यांनी संस्कृतीखाली कळंबच्या गायन पार्टीची तोंड भरून स्तुती केली. विठूचा निरोप आला : 'मागून मिळालेलं कौतुक नको.' आणि खालापूरची पार्टी म्हणू लागली, की बायकोच्या माहेरानं दम दिला म्हणून या माणसानं शब्द फिरवला. आता बुद्धविहारात वंदनेला गेलं की दोन्हीकडची माणसं 'जयभीम' करून लगेच तोंड फिरवत. सोनावळे मधल्या सतरंजीवर एकटेच बसत.

याच महिन्यात मेमो आला.

त्याचं असं झालं, की सोनावळ्यांच्या साहेबांच्या पत्नीनं कुणाच्या तरी लग्नघरात 'उल्हासतीर' वाचला आणि जेवताना साहेबांना म्हणाली, "तुमचे कारकूनसुद्धा माथेरानला जाऊन येतात." साहेब दुसऱ्या दिवशी कचेरीत आले ते मुळात न जेवलेले.

मेमो हाती आल्यावर सोनावळ्यांनी सवयीनं त्यावर आवक शिक्का मारला, नंबर टाकला, नोंदवहीत विषय लिहायला घेतला आणि आपलंच नाव वाचून थांबले. मजकूर असा होता : 'माहे मेमधील एका सोमवारी पहाटे आपण माथेरान येथे होता, असे आपल्या लेखावरून दिसते. माहे मेच्या चारही सोमवारी आपण कार्यालयात वेळेवर हजर होता, असे हजेरीपटावरून दिसते. सबब, लेख खोटा की हजेरीपट खोटा, तसेच मुख्यालय सोडण्याची व लेखन करण्याची पूर्वपरवानगी का घेतली नाही, याचा खुलासा सात दिवसांत करावा.'

अशी गाठ कुणाच्या नशिबी येऊ नये. लेख खरा म्हणावा, तर हजेरीपट खोटा ठरतो आणि नोकरी जाते. हजेरीपट खरा म्हणावा, तर मास्तर, कान्हा, कान्हाच्या आईचे गुडघे आणि दोनशे वाचक यांच्यासमोर आपण थापाडे ठरतो. सोनावळे मेमो घेऊन मास्तरांकडे गेले.

"खोटा म्हणू नका," मास्तर कळवळून म्हणाले. "मासिकाची अब्रू आहे."

"आणि माझी नोकरी?"

"तीही आहेच," मास्तर म्हणाले. मासिक त्यांचं होतं, नोकरी त्यांची नव्हती.

हेडक्लार्क मात्र मुरलेले होते. ते म्हणाले, "सोनावळे, नियमात बघा. निव्वळ वाङ्मयीन किंवा शास्त्रीय लेखनाला परवानगी लागत नाही. तुम्ही लिहा, हा उद्यानशास्त्राचा लेख आहे. प्रवास त्यात ओघानं आला."

"पण माथेरान?"

"ते 'गोमा नावाच्या इसमाकडून प्राप्त माहितीवरून' असं लिहा. कारकुनाला माहिती प्राप्त होते. त्यानं जावं लागत नाही."

सोनावळ्यांनी तसा खुलासा लिहिला. स्वतःच जावक नंबर टाकला आणि पाठवला. तो वर गेला, तिथून आणखी वर गेला, आणि लवकर काही खाली आला नाही.

पावसाळ्यात चाफ्याच्या मोडलेल्या फांद्यांत पाणी शिरलं. टोकं काळी पडली आणि कुजका भाग खाली उतरू लागला. सोनावळे रोज संध्याकाळी छत्री घेऊन झाडापाशी उभे राहात, सालीला नख लावून बघत. नख लावलेल्या जागी हिरवं दिसायला हवं, तिथं तपकिरी दिसे. ऑगस्टमध्ये एका रविवारी त्यांनी करवत आणली. जिथपर्यंत कूज पोचली होती तिथपर्यंत कापायचं, म्हणून कापत गेले, आणि हिरवं लागलं तेव्हा झाड गुडघ्याएवढं उरलं होतं. कापलेल्या जागी त्यांनी शेण लिंपलं. मालनबाई छत्री धरून उभ्या होत्या. छत्री त्यांनी स्वतःवर धरली नव्हती, नवऱ्यावरही धरली नव्हती. ती झाडावर धरली होती.

तरीही सप्टेंबरचं पान लिहिणं भाग होतं. बागेत दाराशी, पावसाच्या तोंडाला रानातून आणलेला कळलावीचा वेल फुलला होता. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं. तेवढं एकच फूल लोक चोरत नव्हते. त्याचं कारण, येसूबाई अंकातलं नाव वाचवून घेऊन तडक आल्या, तेव्हा कळलं.

"कळलावी दारात लावलीत? घराघरांत भांडनं लावते ती! उपटून टाका."

"येसूबाई, तसं काही नसतं. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून पूर्वी तिचा कंद वापरत, म्हणून ती कळलावी. भांडणाशी संबंध नाही."

"म्हंजे मी खोटं बोलते?"

"खोटं नाही, पण शास्त्रीयदृष्ट्या..."

"मला शास्त्र शिकवता? सूर्य कुठनं उगवतो ते तुमाला ठावं नाय, गावभर झालंय!"

कळलावीमुळे भांडण होत नाही, हे पटवून देताना झालेलं ते भांडण दिवाळीनंतरही टिकलं. त्या अबोल्याच्या काळात लोकांनी वाकवलेल्या कुंपणातून येसूबाईंची शेळी आत आली आणि अबोलीचा वाफा खाऊन गेली. बोलणंच बंद असल्यामुळे तक्रारही करता येईना. तीन गुलाबांपैकी दोन आधीच कुणी मुळासकट नेले होते. तिसरा शेळीनं चाखून सोडला, तो गेला.

डिसेंबरात खालापूरहून चौकशी अधिकारी आले. त्यांच्याजवळ मोजायची टेप होती आणि सोनावळ्यांचा खुलासा होता. लेखन उद्यानशास्त्रीय असल्याचा दावा होता, तेव्हा उद्यान आहे की नाही हे बघणं आलं. पंच म्हणून येसूबाईंना बोलावलं गेलं.

"कवठी चाफा दाखवा," अधिकारी म्हणाले.

"हा."

"हा खुंट आहे."

"खुंट चाफ्याचाच आहे साहेब."

"कशावरून?"

आठ वर्षं ज्याला पाणी घातलं त्याची ओळख कशावरून पटवायची? त्याला ना पान होतं, ना कळी. अधिकाऱ्यांनी लिहिलं : 'एक खुंट. जात अनिश्चित.'

"कळलावी?"

"इथं आहे. खाली. पावसाळा संपला की वेल वाळतो, कंद जमिनीत झोपतो. पाऊस पडला की वर येईल."

"जमिनीखालच्या वस्तू माझ्या कक्षेत येत नाहीत," अधिकारी म्हणाले. "अबोली?"

सोनावळ्यांनी येसूबाईंकडे बघितलं. येसूबाईंनी शेवग्याकडे बघितलं. "मी तरी अबोली बगितली नाय," त्या म्हणाल्या, आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"मग हे हिरवं काय आहे?"

"अळू."

"अळू ही भाजी आहे," अधिकाऱ्यांनी वही मिटली. जाताना मात्र ते मालनबाईंना म्हणाले, "बाई, अळू मोठं छान आलंय हो," आणि मालनबाईंनी चार पानं कापून त्यांच्या पट्टेवाल्याच्या हातात दिली. दुसरं देण्यासारखं तिथं काही नव्हतंच.

जानेवारीच्या शेवटी आदेश आला. सोनावळ्यांनी त्याला नंबर टाकला आणि वाचला. 'श्री. सोनावळे यांनी माथेरानचा प्रवास केलेला नाही, हे त्यांच्या खुलाशावरून सिद्ध होते. लेखात वर्णिलेली बाग अस्तित्वात नाही, हे पंचनाम्यावरून सिद्ध होते. सबब, सदर लेखन संपूर्णपणे कल्पित, म्हणजेच निव्वळ वाङ्मयीन असून, त्यास परवानगीची आवश्यकता नाही. प्रकरण दप्तरी दाखल.'

हेडक्लार्कनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. नोकरी वाचली, वेतनवाढ वाचली. मास्तरांना बातमी कळली तेव्हा ते धावतच आले. "सोनावळे! सरकारनं तुम्हाला वाङ्मयीन लेखक म्हणून मान्यता दिली! असं भाग्य जिल्ह्यात कुणाचं आहे?" आदेश पुढच्या अंकात चौकटीत छापायची त्यांची तयारी होती. आयुष्यात सोनावळ्यांनी एकच थाप मारली होती, ती माथेरानची. बाग खरी होती. चाफा खरा होता. सात वर्षं थांबून आलेलं पहिलं फूल खरं होतं. आता ते सगळं शिक्क्यानिशी कल्पित ठरलं होतं, आणि त्याबद्दल लोक अभिनंदन करत होते. सोनावळ्यांनी मास्तरांना सांगितलं, की माझ्या आवडी संपल्या. मास्तरांना तो विनोद वाटला.

त्या आठवड्यात सोनावळ्यांनी एक अर्ज लिहिला. एका दिवसाची किरकोळ रजा आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी. ठिकाण : माथेरान. प्रयोजन : सपत्नीक सहल. अर्ज आत पाठवला आणि मालनबाईंना सांगितलं, "बुधवारी जाऊ. नेरळपर्यंत गाडीनं, पुढं झुकझुक गाडीनं."

मालनबाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. पण मंगळवारी त्यांनी ट्रंकेतून जांभळं लुगडं काढून उन्हात टाकलं. संध्याकाळपर्यंत परवानगी आली नाही, तेव्हा सोनावळे म्हणाले की सकाळी कचेरी उघडताच घेऊन येतो, तोवर तू तयार राहा. बुधवारी सकाळी त्या तयार होऊन दारात उभ्या राहिल्या. लुगडं नेसलेलं, केसांत येसूबाईंनी न बोलता आणून दिलेला शेवंतीचा गजरा, हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकरी, सुकटीची चटणी आणि फिरकीच्या झाकणाची पाण्याची बाटली.

सोनावळे परत आले तेव्हा त्यांच्या हातात अर्ज होता. त्यावर साहेबांच्या लाल शाईत शेरा होता. तो त्यांनी दारातच वाचून दाखवला, कारण आत जाईपर्यंत धीर राहिला नसता.

"'अर्जदाराचा माथेरानविषयक पूर्वीचा खुलासा पाहता, नियोजित सहल प्रत्यक्ष आहे की कल्पित, याचा प्रथम खुलासा करावा. तोपर्यंत परवानगी देता येत नाही.'"

"म्हंजे?" मालनबाईंनी विचारलं.

"म्हंजे आज नाय."

"मग कधी?"

"खुलासा करायला लागेल. तो वर जाईल."

"मागचा किती दिवसांनी आला खाली?"

"सहा महिन्यांनी."

मालनबाईंनी समोर बघितलं. हवा इतकी स्वच्छ होती, की डोंगराच्या माथ्यावरची झाडंसुद्धा वेगवेगळी दिसत होती. मग त्या पायरीवर बसल्या, अगदी कडेला, शेजारी जागा ठेवून. फडकं मांडीवर घेऊन त्यांनी गाठ सोडली.

"बसा," त्या म्हणाल्या. "गरम हायत तोवर खाऊन घ्या."

सोनावळे बसले. सदरा कडक इस्त्रीचा होता, त्यावर चटणी सांडू नये म्हणून दोघंही जरा वाकून जेवली. रस्त्यानं जाणाऱ्या दोघातिघांनी थांबून बघितलं, की सणासुदीचे कपडे घालून ही माणसं पायरीवर का जेवतायत, पण विचारलं कुणी नाही. दुसरी भाकरी मोडताना सोनावळे अडखळत म्हणाले, "मालन, त्या वेळी लिवताना... दगडावर तूपण होतीस असं लिवायला पायजे होतं मी."

"खोट्यात मला कशाला घालता?" मालनबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, डोंगराकडेच बघत, "चटणी अजून घ्या."

जेवण झाल्यावर त्या बाटली घेऊन मागच्या दारी गेल्या. हात धुतले, ते पाणी नेमकं खुंटाच्या बुडाशी पडेल असे धुतले, आणि बाटलीत उरलेलं पाणीही तिथंच ओतलं. सोनावळे दारात उभे राहून बघत होते. आदेशाप्रमाणे तिथं काही नव्हतं. त्यांनी आधी कुंपणापलीकडे नजर टाकली, कुणी बघत नाही याची खात्री केली, मग हळूच खाली बसून खुंटाच्या सालीला नख लावलं.

हिरवं होतं. पण ते सांगायचं कुणाला, आणि कुठल्या नंबरावर?